एफईव्ही-१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) तसाच, पण रुग्ण म्हणतात 'बरं वाटतंय'. मोजायचं कशानं?

पुनर्वसन_वर्ग:
आमच्याकडे सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) रुग्णांसाठी ८ आठवड्यांचा श्वसन-पुनर्वसन वर्ग चालतो. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात स्पायरोमेट्री (फुंकून घ्यायची फुप्फुसांची चाचणी) व ६ मिनिटांची चालचाचणी होते. एफईव्ही-१ हलत नाही, पण आंघोळ, कपडे घालणं आता सोपं जातं असं बरेच जण सांगतात. हे आकड्यांत आणायचं तर कॅट (सीओपीडीच्या त्रासाची छोटी प्रश्नावली) पुरेल की सेंट जॉर्जेस प्रश्नावली (एसजीआरक्यू) घ्यावी? शिवाय काही जण कॅटमध्ये जिना चढताना दम लागण्याच्या प्रश्नाला ० किंवा १ (म्हणजे त्रास जवळजवळ नाहीच) देतात आणि चालचाचणीत दोनदा थांबतात. याचा अर्थ काय लावायचा?

दमछाक:
एफईव्ही-१ हलणारच नाही. व्यायामाने पायांचे स्नायू सुधारतात, दम लागण्याची भीती कमी होते, बेताबेताने काम करायची सवय लागते. अरुंद झालेल्या श्वासनलिका काही त्याने रुंदावत नाहीत.

रोजच्या वर्गासाठी कॅट घ्या. ८ प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, एकूण ४०; जास्त गुण म्हणजे त्रास जास्त. २ गुणांची घट झाली तर रुग्णाला फरक जाणवण्याइतकी मानतात. एसजीआरक्यूचे ५० प्रश्न आहेत, त्यामुळे वेळ लागतो, पण लक्षणं, हालचाल आणि आजाराचा आयुष्यावर होणारा परिणाम असे तीन भाग वेगवेगळे दिसतात. तिथे ४ गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. संशोधन करायचं नसेल तर दर खेपेला ती भरून घेण्याचा अट्टहास नको.

एक मात्र बघा: एसजीआरक्यूच्या मूळ आवृत्तीत लक्षणांचे प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल विचारतात. ८ आठवड्यांनी ती पुन्हा भरून घेतली तर उत्तरात वर्ग सुरू होण्याआधीचे दहा महिने येतात आणि लक्षणांचे गुण जागचे हलत नाहीत. अल्प मुदतीची आवृत्ती घ्या आणि दोन्ही वेळा तीच वापरा.

जिन्याचं कोडं नेहमीचं आहे. ज्याने जिना चढणंच सोडलं, त्याला दम लागायची वेळच येत नाही. त्याच्या कॅटमध्ये घरातल्या कामांचा आणि घराबाहेर पडण्याच्या आत्मविश्वासाचा प्रश्न बघा, आणि सोबत एमएमआरसी श्रेणी (कशाने दम लागतो यावरून ० ते ४) लिहा. अशा माणसाचे गुण वर्गानंतर उलट वाढलेही दिसतील, कारण तो पुन्हा जिन्याच्या वाटेला जायला लागला. ते अपयश समजू नका.

आकडेमोड:
एसजीआरक्यू घेणारच असाल तर बेरजेकडे नीट लक्ष द्या. प्रत्येक उत्तराला ठरलेलं वजन असतं. कमाल वजनं अशी: लक्षणं ६६२.५, हालचाल १२०९.१, परिणाम २११७.८, एकूण ३९८९.४. प्रत्येक भागात रुग्णाच्या उत्तरांच्या वजनांची बेरीज करा, त्या भागाच्या कमाल वजनाने भागा, १०० ने गुणा.

सर्रास होणारी चूक म्हणजे तिन्ही भागांच्या गुणांची सरासरी काढून तिलाच एकूण गुण म्हणणं. समजा लक्षणं ५०, हालचाल ६०, परिणाम ३०. सरासरी येते ४६.७. खरी बेरीज ३३१.२५ + ७२५.४६ + ६३५.३४ = १६९२.०५, म्हणजे एकूण गुण ४२.४. नुसत्या हिशेबातच ४ हून जास्त फरक! एका वेळी एक रीत आणि दुसऱ्या वेळी दुसरी वापरली तर न झालेली सुधारणा कागदावर दिसेल.

प्रश्न सुटले असतील तर त्यांचं वजन कमाल वजनातून वजा करा. लक्षणांत २, हालचालीत ४, परिणामांत ६ पर्यंत चालतात. त्यापुढे तो भाग बाद.

आणखी एक: ४ किंवा २ हे आकडे गटाच्या सरासरीसाठी जास्त भरवशाचे. एकेका रुग्णाचे गुण काही न बदलताही तेवढे वरखाली होतात.

पुनर्वसन_वर्ग:
धन्यवाद. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? सोबतचा मुलगा किंवा सून भरून देते. आणि वर्गात फुप्फुसाच्या फायब्रोसिसचेही (फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार) काही जण आहेत.

दमछाक:
नातेवाइकांना बाहेर बसवा. सून शेजारी असताना 'घरच्यांना माझ्या छातीच्या दुखण्याचा त्रास होतो' याचं खरं उत्तर कोण देईल? प्रश्न छापल्याप्रमाणे मोठ्याने वाचा, अडलं तर पुन्हा वाचा, पण अर्थ सांगू नका. तुमचा अर्थ त्यांच्या उत्तरात उतरतो. पहिल्यांदा वाचून दाखवलं असेल तर शेवटीही वाचूनच दाखवा. चालचाचणीच्या आधी भरून घ्या, धाप लागलेल्या माणसाकडून नको. आजार नुकताच बळावला असेल तर तो निवळेपर्यंत थांबा, नाहीतर आपोआप झालेली सुधारणा वर्गाच्या खात्यात जाते. भाषांतरही घरी करू नका, अधिकृत आवृत्ती मिळवा.

फायब्रोसिससाठी के-बिल्ड ही वेगळी प्रश्नावली घ्या, १५ प्रश्न. मात्र तिच्यात जास्त गुण म्हणजे प्रकृती चांगली, कॅटच्या बरोबर उलट. दोन्ही एकाच तक्त्यात टाकणार असाल तर स्तंभाच्या डोक्यावर दिशा लिहून ठेवा.