एस-७५ ची 'थ्री-पॉइंट' आणि 'हाफ-लीड' भानगड, शिवाय निर्यातीचे नमुने

पाव्हणा:
एस-७५ या सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्राबद्दल वाचताना मार्गदर्शनाच्या दोन पद्धती दिसतात, थ्री-पॉइंट आणि हाफ-लीड. एकाच क्षेपणास्त्राला दोन कशाला? व्हिएतनामला दिलेल्या नमुन्यात वेगळं काही होतं का?

कोनमापक:
एस-७५ च्या नाकात शोधक, म्हणजे विमान स्वतः हेरणारं यंत्र, नाहीच. जमिनीवरचं फॅन साँग रडार विमान आणि क्षेपणास्त्र दोघांचे कोन मोजतं आणि 'वर, खाली, डावीकडे' असे हुकूम रेडिओवरून सोडतं. थ्री-पॉइंटमध्ये रडार, क्षेपणास्त्र आणि विमान एका रेषेत ठेवायचे, बस्स. विमानाचं अंतर माहीत नसलं तरी चालतं. पण विमान आडवं चाललं असेल तर ती रेषा फिरत राहते आणि शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्राला भयंकर वळावं लागतं. तेवढं वळता आलं नाही की ते विमानाच्या मागून निघून जातं.

हाफ-लीडमध्ये विमानाच्या पुढे नेम धरतात, म्हणून वळण सौम्य. मात्र त्याला अंतर लागतं. जॅमिंगने, म्हणजे शत्रूच्या गोंधळ घालणाऱ्या लहरींनी, रडारचा पडदा भरला की दिशा कळते, अंतर नाही. मग नाइलाजाने थ्री-पॉइंट.

पाव्हणा:
पण निम्माच लीड का? पूर्ण दिला तर?

कोनमापक:
क्षेपणास्त्र रडारच्या नजरेच्या पट्ट्यातून बाहेर पडेल. रडारला दिसेनासं झालं की हुकूम तरी कोणाला द्यायचे?

झाकीर_जी:
निर्यातीचं सांगतो. एस-७५ चा पहिला नमुना, १९५७ मध्ये रुजू झालेली द्विना, १० सेंमी तरंगलांबीवर चाले. पुढची देस्ना ६ सेंमीवर. व्हिएतनामला द्विना मिळाली. मार्गदर्शनाचं तत्त्व तेच, फरक तरंगलांबीचा. जॅमर मात्र नेमका त्याच पट्ट्यासाठी बनवावा लागतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. १९६७ च्या अखेरीस अमेरिकनांनी विमानाऐवजी क्षेपणास्त्राच्या शेपटीतल्या ट्रान्सपाँडरचं, म्हणजे आपली जागा रडारला कळवणाऱ्या रेडिओयंत्राचं, उत्तरच जॅमिंगने दाबलं. रडारला विमान दिसत होतं, स्वतःचं क्षेपणास्त्र नाही; ती भरकटून पडू लागली.

जमिनीवरून हुकूम सोडण्याच्या पद्धतीचं मूळ दुखणं वेगळंच. कोनात १ मिलिरेडियनची चूक म्हणजे १० किमीवर १० मीटर, ३० किमीवर ३० मीटर. म्हणून तर जवळपास २०० किलोचं स्फोटकशीर्ष लागतं.

कोनमापक:
कूब या दुसऱ्या सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्रात हे दुखणं नाही. निर्यातीत तिचं नाव क्वाड्राट. रडार विमानावर सतत लहरींचा झोत टाकतं आणि परावर्तन क्षेपणास्त्राचा स्वतःचा शोधक पकडतो, म्हणून जवळ जाईल तशी चूक घटते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायली विमानांच्या इशारा-यंत्रांना हा झोत नीट उमगला नाही. कमजोरी एकच, पण मोठी: बॅटरीत, म्हणजे कूबच्या एका तुकडीत, झोत टाकणारं वाहन एकच. ते उडवलं की चार लाँचर आणि त्यांवरची १२ क्षेपणास्त्रं आंधळी.

झाकीर_जी:
आपल्या आकाश क्षेपणास्त्राचे अंगाबाहेरचे चार हवानळे पाहून अनेकजण 'ही कूबच' म्हणतात. धड तिच्याच वळणाचं आहे, रॅमजेटही (पुढून शिरणाऱ्या हवेवर चालणारं इंजिन) आहे. पण मूळ आकाश जमिनीवरच्या राजेंद्र रडारच्या हुकमावर चालतं. शोधक आला तो पुढच्या नमुन्यांत.