कानामागून मेंदूचं ऑपरेशन झाल्यावरची डोकेदुखी – उशी कोणती घ्यावी, डॉक्टर कोणते गाठावेत?

कोवळं_ऊन
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी गणपतीनंतर माझं उजव्या कानामागून ऑपरेशन झालं. अकूस्टिक न्यूरोमा, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवरची गाठ. कॅन्सर नव्हता. उजव्या कानाचं ऐकणं गेलं, पण चेहरा वाकडा झाला नाही, तोलही बऱ्यापैकी सावरला. डोकेदुखी मात्र हटत नाही. टाक्यांच्या जागेवरून कळ निघते, टाळूपर्यंत चढते आणि कधी उजव्या डोळ्यामागे जाऊन बसते. केस विंचरताना व्रणाला कंगवा लागला तर डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याच्या बोटभर वरची जागा पूर्ण बधिर. सकाळी मान आखडलेली असते. शाळेत शिकवते, वर्गात गलका झाला की दुपारपर्यंत ठणका सुरू. एमआरआय स्वच्छ आहे. सर्जन म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालंय, थोडा वेळ द्या.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्या बाजूवर दाब येणार नाही अशी उशी. बजेट २००० रुपये, त्यावर नाही, कारण कानाच्या यंत्राचा खर्च समोर आहे. दोन, आता कोणत्या डॉक्टरांकडे जावं? साताऱ्यात राहते, पुण्यापर्यंत येऊ शकते.

दख्खनची_हवा
ताई, उशीच्या बाबतीत तडजोड करू नका. मी मेमरी फोमची घेतली, साडेआठ हजारांना, मानेच्या स्पाँडिलायटिससाठी. पहिल्या रात्रीपासून फरक. मध्ये खोलगट आणि मानेखाली उंच असा आकार घ्या.

डोंगरवाट
मेमरी फोम आपल्या हवेत तापतो. एप्रिल-मे मध्ये डोकं घामानं भिजतं आणि घामानं व्रण चुरचुरतो. लेटेक्स घ्या. महाग पडते, पण दहा वर्षं बघायला नको.

दख्खनची_हवा
आमच्याकडे नाही तापत. जेल असलेला फोम येतो आता.

डोंगरवाट
जेल तासाभरात गरम होतं. वापरून परत केलेली आहे.

कोवळं_ऊन
दोघांचेही आभार, पण बजेट २००० आहे.

आजीचा_बटवा
रात्री झोपताना कोमट तिळाच्या तेलानं डोक्याला मालीश करून घ्या. माझ्या सासूबाईंची अर्धशिशी यानंच गेली. नाकात गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंबही सोडा.

मानेचा_व्यायाम
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून मध्ये बोलते. कवटी उघडलेल्या माणसानं सर्जनला विचारल्याशिवाय नाकात काहीही सोडू नये. कानामागच्या ऑपरेशननंतर मेंदूभोवतीचं पाणी कधी कधी हाडातल्या पोकळ्यांतून नाकापर्यंत झिरपतं. आजी मायेनं सांगतायत हे कळतं, पण अर्धशिशी वेगळी आणि हे वेगळं.

ताई, आधी एवढं तपासा. वाकल्यावर नाकातून किंवा घशात पाण्यासारखं पातळ काही येतं का? उभं राहिल्यावर दुखणं वाढतं आणि आडवं पडलं की उतरतं, असं होतं का? ताप, उलट्या, झापड, फिट येणं, दिसण्यात फरक, व्रण लाल होणं किंवा सुजणं? यातलं एकही असेल तर उशी राहू द्या आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

कोवळं_ऊन
यातलं काहीच नाही. खोकला आला की कळ उठते, तेवढंच. सर्जनना ते सांगितलंय.

आजीचा_बटवा
आमच्या घरात तीन पिढ्या तूप सोडतात, कुणाला काही झालं नाही. असो. तेल तरी लावा.

कल्याण_फास्ट
माझ्या बायकोचंही कानामागूनच ऑपरेशन झालं. लोकांना वाटतं डोकं मेंदूमुळे दुखतं. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही. दुखतात ती आवरणं, नसा, स्नायू आणि कातडी. कानामागून आत जाताना मानेचे स्नायू हाडावरून सोडवावे लागतात आणि मानेतून टाळूकडे चढणाऱ्या नसा तिथूनच जातात. त्या कापल्या, ताणल्या किंवा व्रणात अडकल्या की तुम्ही लिहिलंय तसंच होतं, एक जागा बधिर आणि शेजारची कंगवाही सहन न करणारी. शिवाय काढलेलं हाड परत बसवलं नसेल तर मानेचे स्नायू मेंदूच्या आवरणाला चिकटू शकतात, आणि मान वळवली की आवरण ओढलं जातं. डिस्चार्जच्या कागदात हाड बसवलं का, जाळी लावली का, ते बघा. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या या दुखण्याला डॉक्टरांच्या वर्गीकरणात वेगळं नावच आहे. तेव्हा 'वेळ द्या' यावर वर्षभर थांबायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे गोळ्या मोजा. आमच्याकडे रोज सकाळी एक आणि रात्री एक, ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची. मेडिकलवाला चिठ्ठी न बघता पट्टी द्यायचा. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं की आता अर्धं दुखणं या गोळ्यांचंच आहे. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस आणि ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकं दुखवते. बंद करताना पहिले काही दिवस हिनं भिंतीला डोकं टेकून काढले. मग उतरलं. मात्र बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार.

पिंपळपार
वरच्यांना अनुमोदन. गोळ्या कमी करा.

डोंगरवाट
गोळ्यांबद्दल सहमत. लेटेक्सच्या उशा सेलमध्ये पाच हजारांपर्यंत मिळतात, लक्ष ठेवा.

कोवळं_ऊन
कल्याण_फास्ट, कागद काढून बघितले. हाड परत बसवल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. आणि गोळ्या कॅलेंडरवर मोजल्या. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस घेतेय. हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

वीज_चमकली
माझं चेहऱ्याच्या नसेचं, ट्रायजेमिनलचं ऑपरेशन झालंय, चीर तीच, कानामागे. चेहऱ्याच्या विजा थांबल्या आणि मागचं डोकं धरलं. मला गुण आला तो नर्व्ह ब्लॉकनं. डोक्याच्या मागच्या नसेभोवती बधिरतेचं औषध आणि थोडं स्टेरॉइड, बारीक सुईनं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. टेबलावरून उठले तेव्हाच कळ गेली होती. माझं काही आठवडे टिकतं, मग परत घेते. ब्लॉकनं दुखणं थांबलं तर ते त्या नसेचंच आहे हेही कळतं. मोठ्या हॉस्पिटलात पेन क्लिनिक असतं, पुण्यात मिळेल. उशीबिशी विसरा, ताई, सरळ ब्लॉक घ्या.

पिंपळपार
माझ्या मेव्हण्यानं ब्लॉक घेतला होता, दोन दिवसांत परत दुखायला लागलं. पैसे गेले.

वीज_चमकली
एकावरून ठरवू नका. मलाही पहिला पुरला नव्हता.

दख्खनची_हवा
उशी विसरा असं कसं म्हणता? आठ तास डोकं त्यावरच असतं.

शेवंता
मी गावाकडची आहे, पुणे-मुंबई दर वेळी जमत नाही. भावाचं डोक्याचं ऑपरेशन झालंय. न्यूरोलॉजिस्टनी रात्रीची १० मिलिग्रॅमची ॲमिट्रिप्टिलीन दिली, स्वस्तातली गोळी. तोंड कोरडं पडतं, सकाळी जरा जड वाटतं, पण चार-सहा आठवड्यांनी ठणका कमी झाला आणि झोपही लागते.

पिंपळपार
ती डिप्रेशनची गोळी आहे. सवय लागते. ताईंना वेड लागलेलं नाही.

शेवंता
भावालाही वेड लागलेलं नाही. नसेच्या दुखण्यावर ती कमी डोसमध्ये वर्षानुवर्षं देतात. मेडिकलवाल्यानंही असंच बोलून त्याची गोळी बंद पाडली होती आणि त्यानं ते दुखणं पुन्हा सोसलं. कृपया असं लिहू नका, वाचणारा घाबरतो.

मानेचा_व्यायाम
शेवंताताईंशी सहमत. मात्र काचबिंदू, हृदयाची तक्रार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि गोळी मनानं सुरू किंवा बंद करायची नाही.

ताई, एक गोष्ट सगळ्यांकडून सुटली. तुम्ही एका कानानं ऐकता. वर्गात डावा कान पुढे करून करून तुमची मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली राहते. टेबल अशा कोपऱ्यात घ्या की सगळी मुलं डाव्या अंगाला येतील. हनुवटी आत ओढण्याचा आणि खांदे मागे घेण्याचा व्यायाम दर तासाला थोडा थोडा करा. व्रणावर बोटाच्या टोकानं, आधी कडेनं, हलकेच फिरवायला शिका. त्यानं कातडी सुटी होते आणि स्पर्शाची भीती मोडते.

लाल_मातीचा_रस्ता
हेल्मेट कुणी विचारलं नाही. स्कूटी चालवता का? माझ्या व्रणावर त्याची कड बरोबर बसायची. एक माप मोठं घेतलं.

कल्याण_फास्ट
मोठं हेल्मेट पडल्यावर डोक्यावर राहत नाही. त्यापेक्षा एसटीनं जा.

लाल_मातीचा_रस्ता
शाळा वाडीवर असेल तर एसटी कुठून येणार?

आजीचा_बटवा
संकष्टी-एकादशी करत असाल तर सोडा. उपाशीपोटी आणि जागरणानं डोकं हमखास चढतं. देव रागावत नाही.

कोवळं_ऊन
पुन्हा आले, खूप दिवसांनी. सगळ्यांचं वाचलं, काही मनासारखं केलं.

पुण्याला गेले नाही. साताऱ्यातच न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी व्रणाखाली एका ठिकाणी बोट दाबलं आणि कळ थेट डोळ्यापर्यंत गेली. म्हणाले, मागच्या नसेचं आहे, शिवाय वेदनाशामकांचं. ब्लॉक सुचवला. मी सध्या नको म्हटलं. वीज_चमकली, राग मानू नका, त्या जागी इतक्यात कुणी सुई लावावी असं मनाला पटत नाही. रात्रीची ॲमिट्रिप्टिलीन सुरू केली आहे, जुनी गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे कमी केली. मधले दिवस फार वाईट गेले, दोन वेळा रजा टाकावी लागली. ठणका अजून आहे, पण आता रोजचा नाही. टेबल हलवलं, त्याचा सगळ्यात लवकर उपयोग झाला. संकष्टी सोडली नाही, दुपारी खिचडी-दूध घेऊन करते.

उशी विकत घेतली नाही. आमच्या गादीवाल्याकडून जुन्या उशीतला निम्मा कापूस काढून, पिंजून, मधोमध शिवण घालून घेतली. डोकं खोलगट भागात बसतं, व्रण अधांतरी राहतो. साडेतीनशे रुपये.

दख्खनची_हवा
कापूस सहा महिन्यांत बसेल, ताई. मग फोमच घ्याल.

कोवळं_ऊन
बसला की पुन्हा पिंजून घेईन.

लाल_मातीचा_रस्ता
शिवण आडवी घातली की उभी? आणि हेल्मेटचं काय केलंत?