शब्दचर्चा : 'सबटोटल'ला पोटबेरीज म्हणावं की उपबेरीज?

वाशीकर : सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल शीट मराठीत करतोय. विंगच्या रकमांखाली 'सबटोटल'ऐवजी काय लिहावं? 'उपबेरीज' खटकतं.

नौपाडा : पोटबेरीज. 'उप' लागला की हुद्द्याचा वास येतो, उपमहापौर वगैरे. 'पोट' म्हणजे आतलं : पोटकलम, पोटभाडेकरू.

ऐरोली : उपनगर कुठला हुद्दा? पण पोटबेरीज मलाही पटतं, कारण ती एकूण बेरजेच्या पोटात असते, वर धरायची नसते. ए विंग ४८,०००, बी ३६,०००, सी ४२,०००. पोटबेरजांसकट अख्ख्या रकान्याला साधं 'सम' लावलंत तर १,२६,०००च्या जागी २,५२,००० दिसतील. 'सबटोटल' फंक्शन मधली सबटोटलं वगळून बेरीज करतं.

खतावणी : फंक्शनला मात्र पोटबेरीज म्हणू नका. त्याच्या कंसात पहिला आकडा ९ घातला तर बेरीज, पण १ला सरासरी येते आणि ३ला भरलेल्या खणांची मोजदाद. सरासरीला बेरीज कसं म्हणणार? ओळीला पोटबेरीज, फंक्शनला सबटोटलच. आणि हाताने लपवलेल्या ओळी ९ धरतं, १०९ सोडतं. फिल्टरने गेलेल्या दोघंही सोडतात.

वाशीकर : आणि 'ग्रुपिंग'? गटीकरण?

नौपाडा : नको हो. मराठीत त्याला प्रत्यय आहे : विंगनिहाय, नोडनिहाय (नोड म्हणजे नवी मुंबईतला वाशी, नेरूळसारखा भाग). 'वार'ही चालतो, पण तारीखवार, क्रमवार म्हटलं की क्रम डोळ्यासमोर येतो. मी सॉर्टला 'वार' आणि गटाला 'निहाय' वापरतो. शीटमध्येही आधी वार, मग निहाय! एक्सेल गट शोधत नाही, रकान्यातली नोंद बदलली की तिथे पोटबेरीज टाकतं. क्रम न लावता डेटा टॅबमधलं सबटोटल दाबलंत तर एकाच विंगच्या चार पोटबेरजा पडतील.

ऐरोली : क्रम लावूनही पडतात. 'नेरूळ' आणि 'नेरुळ' हे एक्सेलला दोन नोड. 'कोपरखैरणे' नि 'कोपर खैरणे' तसंच. शुद्धलेखनाचा इतका रोकडा फायदा दुसरीकडे नाही.

वाशीकर : विंगनिहाय पोटबेरीज, ठरलं. पण माझ्याकडे ते सबटोटलचं बटण फिकट दिसतंय.

खतावणी : यादीचं 'टेबल' केलं असेल. टेबल डिझाइनमध्ये जाऊन 'कन्व्हर्ट टू रेंज' करा, बटण उघडेल.