मेलबर्नमधली सायकल हेल्मेटसक्ती: तुमचं मत काय?

पुणेरी_पॅडल: पुण्याहून इथे येऊन चार महिने झाले, ऑफिसला सायकलनेच जातो. शाळा-कॉलेजभर सायकल दामटली पण डोक्याला कधी काही घातलं नाही, आणि इथे हेल्मेट नसेल तर थेट दंड! बहीण ॲमस्टरडॅमला असते, ती म्हणते तिकडे कोणीच घालत नाही. मग सक्ती खरंच हवी का?

यारा_काठ: आपल्या व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै १९९० पासून सक्ती आहे, जगात पहिली. मी कट्टर बाजूने. गेल्या पावसाळ्यात पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि कानशिलावर आपटले. घरी येऊन बघते तर हेल्मेटचा फोम कानाच्या वर आरपार चिरलेला, मला नुसतं टेंगूळ. त्या फोमच्या जागी डोकं असतं तर, या विचाराने अजून झोप उडते.

संथ_सायकल: ताई, तुम्ही वाचलात हे फार बरं झालं. मीही घालतोच, पण सक्तीला माझा विरोध आहे. नेदरलँड्समध्ये वेगळे सायकल ट्रॅक आहेत, गाड्यांचा वेग कमी ठेवलाय, तिथली सुरक्षितता त्यातून आलीय. इथली निळ्या सायकलींची भाडेयोजना २०१० ला आली नि २०१९ ला बंद पडली, हेल्मेट शोधत कोण फिरणार? भरधाव ट्रकपुढे फोम काय करणार, आधी रस्ते द्या ना.

यारा_काठ: रस्ते हवेतच हो, पण ते होईपर्यंत माझ्या लेकीला मी उघड्या डोक्याने नाही सोडणार. @पुणेरी_पॅडल, रूळ नेहमी काटकोनात ओलांडा, आणि एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका.