बागेतला ‘बहादूर’ कुठला?
परदेशात आपल्याला, म्हणजे भारतीयांना, सरसकट पाकिस्तानी किंवा बांगलादेशी समजतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खरी आहे. पण हेच आपण कोकणात रोज करतो, त्याबद्दल थोडं.

रत्नागिरी-देवगड पट्ट्यात आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून पुष्कळ नेपाळीभाषक माणसं येतात. बहुतेक खरोखर नेपाळची. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला-कमवायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यात चोरीछुपं काही नाही. पण त्यांच्यातच एखादा दार्जिलिंगचा, एखादा सिक्कीमचा असतो. पक्के भारतीय. हाक मात्र त्यालाही तीच, ‘ए बहादूर!’ आमच्या शेजारच्या बागेतला राखणदार कालिंपोंगचा आहे. मतदार ओळखपत्र दाखवलं तरी ‘ता ठीक, पण मूळचो नेपाळचोच मां?’ हे ठरलेलं.

गोरखांच्या, म्हणजे अशा भारतीय नेपाळीभाषकांच्या, नागरिकत्वाचा खुलासा करायला केंद्राला १९८८ मध्ये वेगळी अधिसूचना काढावी लागली होती. आणि नेपाळी व कोकणी या दोन्ही भाषा, मणिपुरीसोबत, १९९२ च्या एकाच घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आल्या. कोकणीचा अभिमान मिरवणाऱ्या आमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

२६/११ नंतर बंदरांवर कागद तपासणं वाढलं, ते हवंच. फक्त तांडेलापासून, म्हणजे बोटीच्या प्रमुखापासून, शेवटच्या खलाशापर्यंत सगळ्यांचे तपासा. चपटं नाक दिसलं की त्यालाच बाजूला घ्यायचं, याला तपासणी म्हणत नाहीत.