पाणी चमच्याने, पेल्याने नव्हे

उलटी झाल्या झाल्या बाळाला पेलाभर पाणी पाजावं, म्हणजे शोष पडत नाही, असा सल्ला कुणी कुणी देतात. शोष पडू द्यायचा नाही हे अगदी खरं, पण पेलाभर एकदम नको. चिडलेलं पोट एकदम ताणलं गेलं की तेही बाहेर येतं. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी हेच केलं, आणि दर वेळी पाजल्यापेक्षा जास्तच पडतंय असं वाटून घाबरून गेले. डॉक्टरांनी सांगितलं, उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग ओआरएस (पाकिटातली मीठ-साखरेची पूड पाण्यात कालवून) दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. हे क्षुल्लक वाटतं, पण तासाभरात १५० मिली पोटात जातं! रात्रभर घड्याळ बघत बसले, आणि ते टिकलं.

ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा. घट्ट केलं तर मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो. कालवलेलं २४ तासांनी टाकून द्या. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध बंद करू नका, थोडं थोडं पाजत राहा. उलटीचं औषध मात्र मनाने देऊ नका. आणि उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, सहा-आठ तास शू झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.