खाऱ्या हवेतील जुनी बीटल

प्रश्न (रत्नागिरी):
काकांकडून आलेली १९६५ ची फोक्सवॅगन बीटल समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. पावसाळ्यापूर्वी गंजाबाबत काय तपासावे, आणि आंबा घाटाने ती कोल्हापूरला नेणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. कोकणातील इतर मालकांशी ओळख झाल्यास आनंदच होईल.

उत्तर (चिपळूण):
सर्वप्रथम दारांखालचे पोकळ पत्रे तपासावेत, कारण इंजिनाकडील गरम हवा त्यांतूनच पुढे येते आणि ते आतून गंजल्याचे बाहेरून सहसा कळत नाही. मागचे आसन उचलून बॅटरीखालचा पत्राही पाहावा. प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र टाकू नये. त्याखाली दमट हवा कोंडते. त्यापेक्षा उघडी पडवी बरी.

उत्तर (मालवण):
घाटाची धास्ती नको. इंजिन हवेने थंड होत असल्याने रेडिएटर उकळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; परंतु थंडाव्याचा पंखा आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालतात, म्हणून डायनॅमोचा लाल दिवा लागताच गाडी थांबवावी, ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. सुटा पट्टा सोबत ठेवावा. ऑइल जेमतेम अडीच लिटर मावते आणि ते गाळण्यासाठी केवळ जाळी असते, त्यामुळे ते दर पाच हजार किलोमीटरला बदलावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. विद्युतव्यवस्था मूळ ६ व्होल्टचीच आहे; रात्री दिवे फार मंद वाटतात.

उत्तर (चिपळूण):
मग घाट दिवसाउजेडीच चढावा. दिव्यांची अर्थिंगची टोकेही घासून घ्यावीत. खाऱ्या हवेत ती लवकर खराब होतात.